भुईवालीचा खेळ

खुर्चीचा दांडा तळहाताखाली थरथरला. फार नाही, बोअरची मोटर चालू केली की हौदाच्या कडेवरचा तांब्या थरथरतो तेवढाच. शेजारी उर्वी पॉपकॉर्न खात होती, तिला कळलंसुद्धा नाही. पडद्यावर लातूरच्याच कुठल्याशा क्लासची जाहिरात चालली होती. निकालातल्या पोरापोरींचे फोटो एकामागून एक येऊन आदळत होते आणि प्रत्येक फोटोला ढोल वाजत होता. त्या ढोलाचाच तो थरकाप, हे उज्वलाला समजत होतं. समजून उपयोग नव्हता. चपलेत पायांची बोटं आखडली आणि मान आपोआप वर गेली. वर छत होतं. उंच, काळं, सपाट, मध्ये एकही खांब नसलेलं. एवढ्या रुंद छताला मध्ये आधार का देत नाहीत, हा प्रश्न तिला दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे पडायचा आणि तो ती कुणाला विचारायची नाही. सिनेमाच्या थेटरात ती या आधी कधी बसलीच नव्हती. लग्नानंतर बसलिंगप्पाने दोनतीनदा तिकिटं आणली होती, तिने एकदा पित्त, एकदा पाहुणे, असं काही काही सांगून ती परत करायला लावली. पुढे त्यानेही विचारणं सोडलं. तो दालमिलमध्ये मशीनवर होता, दिवसभर धडधड ऐकून घरी यायचा, त्याला शांत बसायला आवडायचं. घर त्यांचं स्लॅबचं होतं, पण उज्वला झोपायची अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्याच शेडमध्ये चूल मांडून तिने मेस सुरू केली आणि क्लासला आलेली पोरं-पोरी तिथं जेवायला लागली. काकूंना उकडतं म्हणून त्या बाहेर झोपतात, असं पोरींना वाटे. पत्रा पडला तर खरचटेल, फार तर डोकं फुटेल, हा हिशेब तिने कुणाला सांगितला नव्हता.

जाहिरात संपली. अंधार आणखी दाट झाला आणि पडद्यावर नाव आलं, ‘भुईवाली’. सगळं थेटर हसलं. रविवारची टेस्ट संपवून पोरं थेट इकडेच आली होती, पाठीवर सॅक, बोटांना शाई. त्यांना नावाचं हसू आलं, नावाखालच्या धुराचं हसू आलं, आणि ‘गंधार प्रस्तुत’ या अक्षरांचं तर फारच. गंधार दोन रांगा पुढे बसला होता. त्याची मान खाली गेलेली उज्वलाला दिसली. नायगावचा पोरगा. डॉक्टर व्हायला लातूरला आला, दुसऱ्यांदा परीक्षा देऊन पुन्हा राहिला, तेव्हा तो रोज सगळ्यात शेवटी जेवायला यायचा आणि ताटात वाढलेलं तसंच ठेवायचा. मग नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेला. तिथल्या मित्रांना गोळा करून त्याने सिनेमा काढायचं ठरवलं. एका माणसाच्या अंगात शक्ती येते, तो मारामाऱ्या करतो, असला. हिरो म्हणून नांदेडच्या व्यायामशाळेतला एक दंडवाला घेतला होता, तो चार दिवसांत कंटाळून निघून गेला. ते सांगायला गंधार मेसमध्ये येऊन बसला होता. उज्वला वरणाचं मोठं पातेलं उचलून उतरवत होती आणि त्याच वेळी एका पोरीला न जेवता उठल्याबद्दल रागवत होती. तो बघत राहिला. मग म्हणाला, “काकू, मी आजवर चुकीचा माणूस शोधून राहिलो होतो.”

ती हसली होती. बसलिंगप्पाला सांगितलं तेव्हा तोही हसला आणि म्हणाला, कर की, कोण बघायलंय. खरंच कुणी बघेल असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नसावं. मे महिन्यात बॅचेस संपून मेस बंद असते, तेवढ्यात ती शूटिंगला नांदेडला जायची. पाहुण्यांकडं चालले म्हणायची. एवढी एकच अट तिने घातली होती की आधी कुणाला सांगायचं नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवरच्या पोस्टरमध्ये नुसती एक पाठमोरी बाई होती, पदर वाऱ्यावर उडालेला. आज मेसमध्ये जेवणाऱ्या उर्वीनेच तिला ओढत आणलं होतं. गंधारदादाचा सिनेमा आहे, बघायला तर पाहिजे, चला काकू, तुम्ही कधी कुठं येतच न्हाईत. उज्वला येणार नव्हती. सकाळपासून पोळ्या लाटताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की त्यात आपला चेहरा आहे आणि आपण तो पाहिलेला नाही. गंधारने काहीच दाखवलं नव्हतं. विशेषतः विष्णुपुरीच्या अर्धवट इमारतीत केलेलं ते शेवटचं काम, त्यात आपण काय केलं हेच तिला नीट आठवत नव्हतं. त्या चेहऱ्याची भीती छताच्या भीतीपेक्षा मोठी ठरली आणि ती स्टोल गुंडाळून निघाली.

पडद्यावर ती पहिल्यांदा आली ती पोळ्या लाटताना.  मग पुढच्या रांगेतून एक आवाज आला, “आबे, ही तर आपल्या मेसची काकू हाय.” हसण्याचा असा लोट उठला की उज्वलाच्या कानशिलांत आग झाली. उर्वीचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यातच थांबला. तिने मान वळवून शेजारी पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत शेजारी. ती सरकून जवळ बसली. उज्वलाला उठून जावंसं वाटलं. पडद्यावरची बाई मात्र निवांत पोळी उलटत होती. तिचे दंड एवढे जाड आहेत हे उज्वलाला माहीत नव्हतं. केसांच्या कडेला पांढरं आलंय हेही नाही. आरशात आपण कुंकवापुरतंच बघतो, असं तिच्या मनात आलं. मग पडद्यावर जमिनीतून गुरगुर आली, पोळपाट सरकला, त्या बाईने खाली भुईला हात लावला आणि हातावरून उजेडाची एक रेघ चढत खांद्यापर्यंत गेली. ती रेघ कॉम्प्युटरवर कुणी काढली होती हे तिला ठाऊक होतं; सर्वेश नावाचा एक किरकोळ पोरगा, सारखा चहा पिणारा. रेघ हातापासून जरा बाजूलाच चालत होती. “काकू, करंट लागला,” कुणीतरी म्हणालं. “पोळी करपायली.” पुन्हा हशा. नंतर ती उडाली तेव्हा तर कंबरेची दोरी स्वच्छ दिसली आणि अख्खी बाल्कनी ओरडली, दोरी, दोरी. गंधारची मान आता इतकी खाली गेली होती की खुर्चीच्या पाठीवर त्याचं डोकंच दिसेना.

आणि तरी काहीतरी होत होतं. उज्वला आयुष्यभर जेवणाऱ्यांच्या रांगेसमोर उभी राहिली होती. भाजी आवडली की नाही ते तिला ताटाकडे न बघता, नुसत्या आवाजावरून कळायचं. हे हसणं ताट सारून ठेवणारं नव्हतं. हे हसणं आणखी वाढा म्हणणारं होतं. सिनेमात एक नाना नावाचा बिल्डर होता, पोरींच्या होस्टेलवर मजल्यावर मजले चढवणारा. पांढरे बूट घालून तो सांगत होता की एकदा होऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षं भूकंप येत नाही, विम्यासारखं असतं ते. पोरं हसली, पण या वेळी नानाला. त्याची माणसं मेसमध्ये शिरली, पातेलं लाथेने उलटं केलं, वरण सांडलं, आणि थेटरात सापासारखा एक ‘स्स’ आवाज फिरला. वरण सांडलेलं कुणालाच आवडलं नाही. घरापासून लांब राहणारी पोरं होती ती सगळी. पडद्यावरची बाई चुलीजवळून उठली. तिने पदर खोचला. खाली बसली आणि उजव्या तळव्याने भुईवर एक थापट मारली. नानाची माणसं दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडावेत तशी उडाली. एक जण तर शेडवर जाऊन पडला. पहिली शिट्टी कुठून आली कळलं नाही. दुसरी बाल्कनीतून आली. मग शिट्ट्यांचं असं काही झालं की उज्वलाने स्टोलच्या आत स्वतःचं तोंड दाबून धरलं, कारण तिला हसू येत होतं. मोठ्याने, शाळकरी पोरीसारखं. ती थापट तिला आठवत होती. गंधार म्हणाला होता, रागानं मारा काकू, आणि तिने विचारलं होतं, कुणाच्या रागानं, आणि तो म्हणाला होता, कुणाच्याबी. तेव्हा तिने कुणाचा राग धरला नव्हता. भाकरी थापल्यासारखी सरळ थापट मारली होती. पडद्यावर मात्र ती थापट भारीच दिसत होती, जणू ती बाई भुईला दटावतेय, गप बस म्हणून.

मग पोरांना खेळ सापडला. पडद्यावरच्या बाईने भुईवर हात मारला की पुढच्या चार रांगांनी पाय आपटायचे. नंतर सगळ्यांनीच. मध्यंतरानंतर पोरं बसली तीच पाय तयार ठेवून, आणि उज्वलाला कळलं की आता हे खोटं राहिलेलं नाही. थेटराची फरशी शेकडो पायांखाली खरोखर हादरत होती. खुर्ची हलत होती. वरच्या छतातून एक बारीक कुरकुर येत होती, की ती तिच्याच दातांची होती. उर्वीही पाय आपटत होती, डोळे चमकत होते तिचे. उज्वलाने दाराकडे पाहिलं. उठावं, चार पावलं, की उजेड. ती उठली नाही. का उठली नाही हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. एवढंच जाणवलं की हा हादरा खालून, कुठून तरी आंधळा येत नाहीये. तो ठरलेल्या वेळी येतोय, पोरं आनंदाने आणतायत, आणि तो कुठून सुरू होतो तर पडद्यावरच्या तिच्या हातापासून. ती हात मारेल तेव्हाच भुई हलत होती. पुढच्या वेळी पडद्यावर हात वर गेला तेव्हा तिचा स्वतःचा पायही उचलला गेला आणि सगळ्यांच्या बरोबर खाली आला. चपलेतून तळव्याला झिणझिणी आली. परत एकदा, तिच्या मनात आलं. परत एकदा मार की.

होस्टेल पडायचा प्रसंग आला तेव्हा पोरं आपटायची थांबली. सांगितलं कुणी नव्हतं. पडद्यावर दुपार होती, पोरी खोल्यांत अभ्यास करत होत्या, पंख्याच्या वाऱ्याने कागद हलत होते. लातूरच्या कुठल्याही गल्लीतली खोली असते तशी ती खोली होती. भिंतीवर चिकटवलेली सूत्रं, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. एकीने पेन खाली ठेवला आणि तो आपोआप गडगडत गेला. मग वरचा स्लॅब खाली यायला लागला आणि भुईवाली धावत येऊन त्याच्याखाली उभी राहिली, दोन्ही हात वर.

तो स्लॅब थर्माकोलचा होता. वर रंग, वर सिमेंटची पूड, आणि दोन बाजूंनी दोऱ्या धरून सहा पोरं. विष्णुपुरीला त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, धरणाच्या बाजूने वारा नव्हता. उज्वलाने स्लॅब हातात घेऊन पाहिला होता, सुपाएवढंसुद्धा वजन नव्हतं त्याला. तरी तो वर चढवल्यावर तिला त्याच्याखाली जाता येईना. पाय जायचे आणि उंबऱ्यासारखे कुठल्यातरी जागी थबकायचे. गंधारने घाई केली नाही. तो स्वतः स्लॅबखाली जाऊन बसला, डबा उघडला, तिनेच दिलेली शेंगाची चटणी आणि भाकरी खाल्ली, आणि कुणाशी तरी क्रिकेटवर बोलत राहिला. त्याचं खाऊन होईपर्यंत ती बघत होती. मग ती आत गेली. त्यानंतरचं तिला आठवत नव्हतं. दोरी सैल झाली होती, वरून पूड पडली होती, एवढं खरं. हात आपोआप वर गेले होते. पोरी तिच्या काखेखालून एकेक करून निघत होत्या. शेवटची अडकली होती, तिच्या सॅकचा पट्टा गजाला गुंतला होता, ते ठरवलेलं नव्हतं, खरंच गुंतला होता. मग कुणीतरी कट म्हणालं होतं आणि तिला पाणी दिलं होतं.

आता तो चेहरा पडद्यावर आला. आख्ख्या पडद्यावर. उज्वलाला वाटलं होतं तो घाबरलेला असेल, वाकडा, लाज वाटेल असा. तो तसा नव्हता. तो ऐकत असल्यासारखा होता. डोळे अर्धे मिटलेले, भुवईवर पूड, आणि ओठ हलत होते. गंधारने सगळे आवाज काढून टाकले होते, ढोल नाही, काही नाही, फक्त तिचा श्वास आणि त्या हलत्या ओठांमधून येणारं पुटपुटणं. “तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस.” हे आपण म्हणालो होतो हे तिला माहीत नव्हतं.  शिवगंगा म्हणायची तो पाढा. भूकंपाच्या वर्षी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि पहाटेच्या आधी गाव खाली बसलं, धाब्याची घरं, दगडामातीच्या भिंती, सगळं. उज्वला आणि तिची मोठी बहीण शिवगंगा एका वाकळेत होत्या, त्या तशाच दबल्या. वरची तुळई आडवी अडकली म्हणून दोघींना श्वासापुरती जागा राहिली. अंधारात शिवगंगाचा हात सापडला. ती म्हणाली, रडू नको, माती तोंडात जाती, पाढे म्हण, तेराचा तुला येत न्हाई, तो म्हण. उज्वलाला तो चोकच्या पुढे येत नव्हता. शिवगंगा पुढचं सांगायची, ती मागून म्हणायची. फटीतून सकाळ दिसायला लागली तेव्हाही शिवगंगा सांगत होती. ऊन आलं तेव्हा तिचा हात उज्वलाच्या हातातच होता, पण पुढचं सांगणं थांबलं होतं. बाहेर काढल्यावर उज्वलाने आईला एकच विचारलं होतं, तेरा सत्ते किती. आईने उत्तर दिलं नाही. नंतर त्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललंच नाही. सरकारने बांधून दिलेल्या वसाहतीत आई चार महिनेही राहिली नाही, ती उदगीरकडे आपल्या भावाच्या गावी निघून गेली आणि तिथंच राहिली.

“तेरा पंचे पासष्ट,” पडद्यावरची बाई म्हणत होती. “तेरा सक अठ्ठ्याहत्तर.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्याला दुसऱ्या कुणीतरी गप केलं. पोरी निघत होत्या. शेवटचीचा पट्टा गुंतला होता. “तेरा सत्ते,” पडद्यावरची बाई म्हणाली आणि थांबली. तिचे हात थरथरत होते. थर्माकोलखाली हात कशाने थरथरतात? पण ते थरथरत होते, कोपरापर्यंत, आणि पुढचं तिला येत नव्हतं, हे थेटरातल्या प्रत्येकाला दिसत होतं. “तेरा सत्ते,” ती पुन्हा म्हणाली. तेव्हा पुढच्या रांगेतला एक पोरगा अगदी हळू, वर्गात शेजाऱ्याला उत्तर सांगावं तसं म्हणाला, “एक्क्याण्णव.” आणि मग बाल्कनीतून, डावीकडून, दाराजवळून, सगळीकडून, “एक्क्याण्णव.” शेकडो पोरं एका आवाजात. पडद्यावरच्या बाईने डोळे उघडले. ती योगायोगानेच उघडत होती, तो प्रसंग वर्षापूर्वी घेतला होता. तरी तिने ते ऐकूनच उघडले असं वाटलं. “तेरा अठ्ठे,” आता थेटरच म्हणू लागलं, “एकशे चार. तेरा नवे एकशे सतरा.” पट्टा तुटला. पोरगी बाहेर पडली. भुईवालीने हात सोडले आणि स्लॅब तिच्यामागे धुळीत कोसळला, आणि मग जे झालं त्याला शिट्ट्या म्हणता येणार नाही. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. सॅक वर उडाल्या. कुणाचा तरी बूट पडद्यापर्यंत गेला. फरशी, खुर्च्या, भिंती, छत, सगळं हादरत होतं आणि उज्वला त्या सगळ्याच्या खाली उभी होती. ती उभी कधी राहिली ते तिला कळलं नाही. तिच्या तोंडावरचा स्टोल गळ्यात आला होता आणि ती ओरडत होती. काय ओरडत होती देव जाणे. छातीत काहीतरी इतकं मोठं झालं होतं की त्याला दुःख म्हणावं की आनंद हे बघायला सवड नव्हती. उर्वीने तिच्या कमरेला मिठी मारली होती आणि रडता रडता एकच सांगत होती, काकू, ते तुम्ही हाय, ते तुम्ही हाय.

सिनेमा त्यानंतरही थोडा होता. शेवटी ती आकाशात उडून जाते तिथं दोरी पुन्हा दिसली आणि पोरं पुन्हा हसली, लाडाने. दिवे लागले. आधी आजूबाजूच्या दोन रांगा तिच्याकडे वळल्या, मग सगळं थेटर. कुणी अंगावर आलं नाही. पोरांनी सॅक उचलल्या, बाजू दिली आणि जाता जाता एकेकाने तिच्याकडे अशी मान लववली, जशी ताट वाढल्यावर लववतात. गंधार खुर्च्यांच्या वरून चढून आला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. कसं वाटलं, असं त्याने विचारलं. उज्वलाला खूप काही सांगायचं होतं, पण तोंडाला आलं ते एवढंच, “दोरी दिसायली.” तो हसायला लागला, तीही. दोघं तिथंच खुर्चीत बसून डोळे पुसत हसत राहिले आणि झाडूवाली बाई दोनदा येऊन परत गेली.

पुढचे दिवस मेसमध्ये पायरीवरही जागा मिळत नव्हती. पोरं जेवायला यायची आणि हात बघायची तिचे. बसलिंगप्पा दालमिलमधल्या पाळीतली सगळी माणसं घेऊन सिनेमा बघून आला आणि घरी येऊन म्हणाला की मशीनवरच्या पोरांनी त्याला आज चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. नांदेडला खेळ लागला तिथं विष्णुपुरीची पोरं आपापल्या मित्राला पडद्यावर बघून ओरडली. लातूरचे जिथं गप झाले तिथं ते हसले आणि जिथं लातूरचे हसले तिथं त्यांना रडू आलं, असं गंधारने फोनवर सांगितलं. त्याला त्याचं नवल वाटत होतं. मग उदगीरच्या एका थेटरवाल्याने दुपारचा खेळ लावायचं कबूल केलं आणि बसलिंगप्पा जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, “अव्वाला सांगावं लागंल. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी.”

 सगळ्या आनंदात उज्वलाने ही एक गोष्ट बाजूला ठेवली होती. पोरांना तो पाढा म्हणजे पाढा होता. तिच्या आईला, शांतम्माला, तो काय असेल? आपल्या लेकीचं मरण थर्माकोलमध्ये करून लोकांना दाखवलं, त्यावर शिट्ट्या घेतल्या, असं ती म्हणाली तर? फोनवर तिने आडवळणाने सांगितलं की सिनेमात काम केलंय, उदगीरला लागणार आहे, त्यात घर पडतं.  शांतम्मा म्हणाली की रविवारी बाजाराला यायचंच आहे, येते.

उदगीरचं थेटर जुनं होतं, लाकडी खुर्च्यांचं. मोंढ्यातले हमाल होते, बाजाराला आलेल्या बाया होत्या, पिशव्यांतून कोथिंबीर डोकावत होती. इथं कुणी नावाला हसलं नाही. दोरी दिसली तेव्हा मागची एक बाई काळजीने म्हणाली, बांधली नीट हाय न्हवं, पडायची न्हाई तर. शांतम्मा ताठ बसली होती, मांडीवर हात, डोक्यावरून पदर. वरण सांडलं तेव्हा तिने फक्त च्‌ केलं. थापट मारल्यावर लोक टाळ्या वाजवत होते, ही बघत होती. उज्वलाने पडद्याकडे पाहिलंच नाही. आईच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड तेवढा ती बघत होती. तो निळा होत होता, पिवळा होत होता, आणि सुरकुत्यांत काहीच हलत नव्हतं. स्लॅब खाली आला. आवाज बंद झाले. तेरा एके तेरा. शांतम्माच्या हाताची बोटं लुगड्यात वळली. तेरा चोक बावन्न. थेटरात कुणी पाढा म्हणालं नाही. इथं लोक पुढे वाकले होते, एवढंच. हमालांपैकी दोघांनी नकळत खांदे वर घेतले होते, पोतं पेलताना घेतात तसे. तेरा सत्ते, पडद्यावरची बाई म्हणाली आणि थांबली. शांतम्माचे ओठ उघडले. ती आकडा सांगेल असं उज्वलाला वाटलं. ती पडद्याकडे बघत, माहेरच्या बोलीत, अगदी हलकेच म्हणाली, “बिडब्याडव्वा.” सोडू नको, बाई.

“न्हाई सोडत, अव्वा,” उज्वला शेजारून म्हणाली.

शांतम्माने वळून पाहिलं नाही. तिचा हात मात्र आला आणि उज्वलाच्या मनगटावर बसला, खरखरीत, गरम, आणि पट्टा तुटेपर्यंत तसाच आवळून राहिला. पोरगी बाहेर पडली तेव्हा अख्ख्या थेटराने श्वास सोडला तो ऐकू आला. मग मागच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, मग हमाल उठून उभे राहिले, आणि शांतम्माने मनगट सोडून त्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नीट येत नव्हत्या तिला. भजनात वाजवतात तशा, संथ, पण थांबतच नव्हत्या, पडदा पांढरा झाला तरी.

बाहेर ऊन होतं. रसवंतीच्या बाकावर दोघी बसल्या. रिक्षावाले उज्वलाकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते. शांतम्माने रस अर्धा प्याला, ग्लास खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसून विचारलं, “ती शेवटची पोरगी कोण?”

“विष्णुपुरीच्या कॉलेजातली हाय कुणीतरी.”

“नाव काय तिचं?”

उज्वलाला नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी एवढ्या पोरी होत्या, कुणीतरी घाईने बोलावून आणलेली. तिने मान हलवली. गंधारला विचारून सांगते म्हणाली.

 शांतम्माने उरलेला रस संपवला. “असू दे,” ती म्हणाली. “निघाली न्हवं बाहेर.” आणि उठून, पिशवी खांद्याला लावून, तिने रसवाल्याला विचारलं की पुढचा खेळ किती वाजता आहे.